दुसऱ्याच्या हाती सोपवलेली मुदत : एका पेटंट अर्जाचं प्रकरण

साडीला फॉल लावणाऱ्या बाईचा हात जवळून पाहिलाय का? सुई फॉलच्या कडेत शिरते, साडीचे एक-दोन धागे तेवढे उचलते आणि लगेच परत फॉलमध्ये जाते. साडी सुलट करून बघितली तर टाका दिसत नाही. पँटची खालची पट्टी, कोटाचं अस्तर, पडद्याची कड, सगळीकडे हाच टाका लागतो. हाताने तो जमतो, कारण बोटांना कापडाची जाडी कळते. यंत्राला ती कळत नाही. म्हणून हा टाका घालणाऱ्या यंत्रात बाकदार सुई असते, कापड दुमडून तिच्यापुढे धरलं जातं आणि सुई कापडातून आरपार न जाता वरच्या थराला निसटता स्पर्श करून निघते. केसाएवढी इकडेतिकडे झाली तर टाका एकतर सुलट बाजूला दिसतो, नाहीतर बसतच नाही. कपड्यांच्या कारखान्यात या यंत्राला ब्लाइंड स्टिच मशीन म्हणतात.

अशा यंत्राचा आणि असा टाका घालण्याच्या पद्धतीचा एक पेटंट अर्ज २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात गाजला. वाद यंत्राचा नव्हता. यंत्र नवं आहे की जुनं, यावर पेटंट कार्यालयात धड चर्चासुद्धा झाली नव्हती. अर्जदाराने नेमलेल्या पेटंट एजंटाने, म्हणजे पेटंट कार्यालयात त्याच्या वतीने काम बघणाऱ्या माणसाने, एका पत्राला उत्तर दिलं नाही आणि अर्ज कायद्याने ‘सोडून दिलेला’ ठरला, एवढंच घडलं होतं. मी स्वतः पुण्यात पेटंट एजंट आहे. या प्रकरणाबद्दल सविस्तर लिहायचं कारण असं की यात एका अर्जाबरोबर आमच्या अख्ख्या व्यवसायाचा प्रश्न न्यायालयापुढे आला: पेटंट आणि ट्रेडमार्क एजंटांवर लक्ष कोण ठेवतं?

काय घडलं

अर्जदार कुणी मोठी कंपनी नव्हती, एकटा माणूस होता. त्याने एजंट नेमला, अधिकारपत्रावर सही केली, अर्ज दाखल झाला. पेटंट कार्यालयाने अर्ज तपासून पहिला परीक्षण अहवाल पाठवला. आमच्याकडे सगळे त्याला एफईआर म्हणतात. चार-पाच पानांचा हा कागद अर्जाच्या आयुष्यात सगळ्यात महत्त्वाचा असतो. परीक्षकाने जगभरातली जुनी कागदपत्रं धुंडाळलेली असतात, त्यांना डी-१, डी-२ असे क्रमांक दिलेले असतात आणि तुमच्या दाव्यातला (आपल्या शोधात नवं काय, हे अर्जात मांडलेलं असतं त्यातला) कुठला भाग कुठल्या कागदात आधीच आलाय ते लिहिलेलं असतं. त्याखाली बाकीचे आक्षेप येतात: दावा संदिग्ध आहे, आकृतीतला क्रमांक वर्णनाशी जुळत नाही, अमुक फॉर्म आलेला नाही. या अर्जाच्या वेळच्या नियमांनुसार याचं उत्तर सहा महिन्यांत द्यावं लागायचं. मुदत संपण्याआधी विनंती केली तर आणखी तीन महिने मिळायचे. तेही गेले की पेटंट कायद्याचं कलम २१ लागू व्हायचं. त्या कलमाखाली अर्जदाराने अर्ज सोडून दिला असं मानलं जातं. सुनावणी होत नाही, कारणं विचारली जात नाहीत.

या प्रकरणात उत्तर गेलंच नाही. अर्जदार मात्र गप्प बसलेला नव्हता. तो एजंटाला ईमेल करत होता, फोन करत होता, अर्जाचं काय झालं म्हणून विचारत होता. नीट उत्तर मिळालं नाही. अर्ज संपलाय हे कळलं तेव्हा मुदत मागे पडली होती.

आता एक बारीक गोष्ट बघा. अर्ज करताना पेटंट कार्यालयाला पत्रव्यवहाराचा पत्ता द्यावा लागतो. एजंट नेमला की व्यवहारात तो पत्ता आणि ईमेल एजंटाचा असतो. कार्यालयाने तिथे अहवाल पाठवला की कायद्याच्या दृष्टीने तो अर्जदाराला मिळाला. म्हणजे एका सहीने अर्जदार आपले डोळे आणि कान दुसऱ्याच्या स्वाधीन करतो. ही व्यवस्था चुकीची आहे असं मी म्हणणार नाही. शेतकऱ्याच्या किंवा फॅब्रिकेशनवाल्याच्या ईमेलवर कायद्याच्या भाषेतली पाच पानं येऊन पडली तर त्याने करायचं काय? एजंट त्यासाठीच असतो. पण ज्याच्याकडे डोळे सोपवले तोच बघेनासा झाला, तर अर्जदाराला कळायचा रस्ता उरत नाही. तो स्वतः संकेतस्थळावर जाऊन बघेल तेवढाच.

आणि अर्ज गेला म्हणजे फक्त भरलेली फी गेली असं नसतं. अर्जाच्या तारखेपासून अठरा महिन्यांनी अर्ज प्रसिद्ध होतो. त्यानंतर तुमचं यंत्र, आकृत्यांसह, कुणालाही वाचायला मोकळं. नवा अर्ज करायला गेलात तर तुमचाच जुना अर्ज डी-१ म्हणून तुमच्यासमोर येतो. मिळालं असतं तर अर्जाच्या तारखेपासून वीस वर्षांचं पेटंट असतं, त्याऐवजी शोध जगाला फुकट दिला जातो. मंजूर झालेलं पेटंट वार्षिक फी न भरल्याने बंद पडलं तर ते पूर्ववत करायला कलम ६० आहे आणि अठरा महिन्यांचा अवधी आहे. कलम २१ खाली गेलेल्या अर्जासाठी कायद्यात असं दारच ठेवलेलं नाही. ज्या आदेशांविरुद्ध अपील करता येतं त्यांची यादी कलम ११७-अ मध्ये आहे, त्यात कलम २१ नाही. उरतो एकच मार्ग: संविधानाच्या अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात रिट याचिका, म्हणजे सरकारी कार्यालयाच्या कारवाईविरुद्ध थेट न्यायालयाकडे मागितलेली दाद. शिवणयंत्राच्या अर्जदाराने तीच केली.

न्यायालयं या प्रश्नाकडे कशी बघत आली

वकिलाच्या चुकीची शिक्षा अशिलाला द्यायची का, हा प्रश्न पेटंटांच्या कितीतरी आधीचा आहे. १९८१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘रफीक विरुद्ध मुन्शीलाल’ या खटल्यात त्याचं उत्तर दिलं. वकील तारखेला हजर राहिला नाही म्हणून अपील निकालात निघालं होतं. न्यायालयाने म्हटलं की वकील नेमून, फी देऊन, आपल्याकडून होईल ते सगळं पक्षकाराने केलं असेल, तर वकिलाच्या कसुरीसाठी त्याचं नुकसान होऊ नये. खेड्यातला माणूस वकिलावर भरवसा ठेवून घरी जातो, त्याने न्यायालयात पहारा देत बसावं अशी अपेक्षा धरता येत नाही, असा त्या निकालाचा सूर होता.

पेटंटांच्या बाबतीत मात्र वाट इतकी सरळ नव्हती. २००८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने एका संगणकविषयक अर्जात म्हटलं की सोडून देणं ही जाणूनबुजून केलेली कृती असते. उलट २०११ मध्ये निप्पॉन स्टील या जपानी कंपनीच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने कडक भूमिका घेतली. तिथे परीक्षणाची विनंती (अर्ज तपासायला घ्या, असं कार्यालयाला कळवणारा फॉर्म) ठरलेल्या मुदतीत दाखल झाली नव्हती, आणि त्याचं कारण वकिलांच्या कार्यालयात तारीख नोंदवताना झालेली चूक हे होतं. न्यायालयाने सांगितलं की कायद्याने घातलेली मुदत ही मुदत आहे, ती सवलत म्हणून वाढवता येणार नाही. हे दोन्ही निकाल शेजारी ठेवून वाचले की आमच्यासारख्यांना अशिलाला काय सांगावं कळायचं नाही.

मे २०२२ मध्ये युरोपीय संघाच्या दोन अर्जांवर दिल्ली उच्च न्यायालयाच्या न्या. प्रतिभा सिंह यांनी दिलेल्या निकालाने चित्र बरंच स्पष्ट केलं. तिथेही एजंटांकडून परीक्षण अहवालाला उत्तर गेलं नव्हतं. न्यायालयाने अर्ज पुन्हा जिवंत केले, पण दार सताड उघडं ठेवलं नाही. अर्ज सोडायचा अर्जदाराचा हेतू नव्हता, चूक एजंटाची होती आणि अर्जदार स्वतः जागरूक होता, एवढं सिद्ध झालं तरच अपवाद म्हणून दिलासा मिळेल, असं ठरलं. तिसरी अट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. ‘मी एजंटावर सोडलं होतं’ एवढं म्हणून भागत नाही. अर्जदाराने विचारपूस केली होती का, कधी केली, कशी केली, हे न्यायालय बघतं.

शिवणयंत्राच्या अर्जदाराला इथेच त्याच्या ईमेलांनी तारलं. त्याने विचारलं होतं आणि विचारल्याचा पुरावा होता. न्यायालयाने त्याचा अर्ज पूर्ववत केला.

इथपर्यंत हे प्रकरण युरोपीय संघाच्या वाटेनेच जातं. पण न्यायालय तिथे थांबलं नाही. अर्जदाराला न्याय मिळाला, एजंटाचं काय, हा प्रश्न त्याने विचारला. आणि उत्तर शोधताना लक्षात आलं की पेटंट आणि ट्रेडमार्क एजंटांसाठी आपल्या देशात आचारसंहिताच नाही.

प्रवेशाला कडक, पुढे मोकळं

हे वाचून सामान्य माणसाला आश्चर्य वाटेल, कारण एजंट व्हायचा रस्ता सोपा नाही. पेटंट एजंटाची पात्रता कलम १२६ सांगतं: भारतीय नागरिक हवा, वय २१ पूर्ण हवं, विज्ञान, अभियांत्रिकी किंवा तंत्रज्ञानाची पदवी हवी आणि पात्रता परीक्षा उत्तीर्ण हवी. नाहीतर पेटंट कार्यालयात परीक्षक किंवा नियंत्रक (अर्जावर निर्णय देणारा अधिकारी) म्हणून दहा वर्षं काढलेली हवीत. परीक्षेत शंभर-शंभर गुणांचे दोन पेपर आणि पन्नास गुणांची तोंडी परीक्षा. पहिला पेपर कायदा आणि नियमांचा. दुसऱ्यात शोधाचं वर्णन देतात आणि त्यावरून पूर्ण तपशीलपत्र, म्हणजे वर्णन आणि दाव्यांसह अर्जाचा मुख्य मजकूर, लिहायला सांगतात. एकेका पेपरात ५० टक्के आणि एकूण ६० टक्के मिळाल्याशिवाय नाव नोंदवहीत येत नाही. मी हे पेपर दिलेत. दुसऱ्या पेपरला तीन तास हात लिहीत राहतो आणि शेवटचा दावा लिहायला वेळ पुरला तर नशीब.

पण या परीक्षेत अशिलाशी कसं वागावं याचा पेपर नाही. एकाच धंद्यातल्या दोन प्रतिस्पर्ध्यांचं काम एकाच वेळी घ्यावं का, अशील सोडून गेला तर फाइल किती दिवसांत द्यावी, मुदतीचं पत्र आलं की किती दिवसांत कळवावं, यावर एक प्रश्नही नाही. नाव नोंदलं गेलं की नूतनीकरणाचं शुल्क भरत राहायचं.

शिक्षेची सोय कायद्यात अजिबात नाही असं नाही. नियंत्रकाला कलम १३० खाली एजंटाचं नाव नोंदवहीतून काढता येतं. नाव चुकून किंवा खोट्या माहितीवर नोंदलं गेलं असेल, एजंटाला गुन्ह्यात कैदेची शिक्षा झाली असेल किंवा त्याने व्यवसायात असं गैरवर्तन केलं असेल की तो नोंदवहीत राहायला लायक नाही, तर हे करता येतं. आधी त्याचं म्हणणं ऐकून घ्यायचं असतं. पण या तरतुदीत एकच हत्यार आहे आणि ते सगळ्यात जड आहे. ताकीद नाही, दंड नाही, सहा महिन्यांचं निलंबन नाही. एक तर काही नाही, नाहीतर माणसाचा व्यवसाय कायमचा बंद. (नंतर कारण दाखवून नाव परत घेता येतं, तो भाग वेगळा.) शिवाय व्यावसायिक गैरवर्तन म्हणजे काय याची व्याख्या कुठेच नाही. एका अहवालाला उत्तर राहिलं हे गैरवर्तन? तीनदा राहिलं तर? आजारपणात राहिलं तर? मोजपट्टीच नसेल तर एवढं जड हत्यार उचलायला कुठलाही समंजस अधिकारी कचरेल, आणि तो कचरतो यात मला त्याचा दोष दिसत नाही. दोष व्यवस्थेत आहे.

वकिलांची तुलना करून बघा. वकिलाविरुद्ध तक्रार आली तर १९६१ च्या अधिवक्ता कायद्याच्या कलम ३५ खाली राज्याच्या बार कौन्सिलची शिस्तपालन समिती ती ऐकते. समितीपुढे पायऱ्या असतात: तक्रार फेटाळा, समज द्या, ठरावीक काळासाठी सनद निलंबित करा, नाहीतर नाव काढून टाका. आता गुंता असा की ट्रेडमार्कच्या कामात तीन प्रकारची माणसं एजंट म्हणून उभी राहतात. वकील असतात, त्यांच्यावर बार कौन्सिल आहे. कंपनी सेक्रेटरी असतात, त्यांच्यावर त्यांची संस्था आहे. आणि पदवीनंतर ट्रेडमार्क एजंटाची परीक्षा देऊन आलेले असतात. त्यांच्यावर ट्रेडमार्क निबंधकाशिवाय कुणीच नाही.

पेटंटातही हा गुंता आहे, फक्त तो वेगळ्या वाटेने आला. पेटंट कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीपर्यंत वकिलाला परीक्षा न देता पेटंट एजंट म्हणून नोंदणी मिळत होती. दुरुस्तीने ती सोय काढली. चेन्नईच्या एका वकिलांनी तिला आव्हान दिलं आणि २०१३ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने ती दुरुस्ती घटनाबाह्य ठरवली. त्या निकालाने पात्रतेचा प्रश्न सोडवला, पण देखरेखीचा प्रश्न होता तिथेच राहिला. एकाच खिडकीवर, तेच फॉर्म घेऊन उभ्या असलेल्या दोन माणसांची चूक एकसारखी असली तरी एकाची चौकशी बार कौन्सिल करणार आणि दुसऱ्याची कोण करणार, हे अशिलाला ठाऊकच नसतं.

भरपाईचंही तसंच आहे. १४ मे २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की वकिलाच्या सेवेतल्या त्रुटीबद्दल ग्राहक आयोगाकडे जाता येणार नाही. वकील नसलेल्या एजंटांबद्दल त्या निकालाने थेट काही सांगितलेलं नाही. म्हणजे अर्ज बुडालेल्या माणसाला आधी हे शोधावं लागतं की त्याच्या एजंटाकडे सनद आहे का, आणि मग ठरवायचं की कुठलं दार ठोठवायचं.

बाहेर हे कसं चालतं ते थोडक्यात. अमेरिकेच्या पेटंट आणि ट्रेडमार्क कार्यालयात नोंदणी आणि शिस्त पाहणारा स्वतंत्र विभाग आहे. तिथल्या व्यावसायिक वर्तनाच्या नियमांत तीन साध्या गोष्टी लिहिलेल्या आहेत: काम तत्परतेने करा, अशिलाला कामाची स्थिती कळवत राहा आणि काम सुटलं की त्याचे कागद त्याला परत द्या. चूक केली तर समज, परिवीक्षा (देखरेखीखाली काम), निलंबन, हकालपट्टी अशा पायऱ्या आहेत, आणि पेटंट एजंट वकील असो वा नसो, नियम तोच. इंग्लंडमध्ये पेटंट आणि ट्रेडमार्क अॅटर्नींसाठी आयपीरेग ही स्वतंत्र नियामक संस्था आहे आणि व्यावसायिक विमा घेतल्याशिवाय तिथे काम करता येत नाही. म्हणजे एजंटाच्या हातून अर्ज बुडाला तर अशिलाला निदान पैसे तरी मिळण्याची सोय आहे. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडने २०१७ पासून दोन्ही देशांसाठी एकच मंडळ केलंय. आपल्याकडच्या एजंटाला विम्याची सक्ती नाही.

न्यायालयाने काय सांगितलं

पेटंट, डिझाइन आणि ट्रेडमार्कचे महानियंत्रक हे या सगळ्या यंत्रणेचे प्रमुख. त्यांचं कार्यालय आपल्याच मुंबईत, अँटॉप हिलच्या बौद्धिक संपदा भवनात आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांना आदेश दिला की पेटंट आणि ट्रेडमार्क एजंटांसाठी आचारसंहिता तयार करा, तिचा मसुदा ठरावीक मुदतीत प्रसिद्ध करा आणि लोकांच्या हरकती-सूचना मागवा. संहिता येईपर्यंत तक्रारी पडून राहू नयेत म्हणून तोवर त्या ऐकायला तात्पुरती समिती नेमा, असंही सांगितलं.

मला हा निकाल मनापासून पटतो. रिट याचिकेत न्यायालय एका माणसाचा अर्ज वाचवू शकतं, पण उच्च न्यायालयापर्यंत पोचायला पैसा लागतो, वेळ लागतो आणि ज्याने एकदा वकील-एजंटांच्या हातून मार खाल्लाय त्याला पुन्हा वकील करण्याचं धाडस लागतं. नागपूरचा किंवा सांगलीचा लहान कारखानदार हे सगळं करेल? बहुतेक जण करत नाहीत. अर्ज गेला तर गेला म्हणतात आणि पुन्हा पेटंटाच्या नादाला लागत नाहीत.

एजंटाची बाजू

आमच्या बाजूचं सांगितलं नाही तर हे लिखाण अर्धवट राहील. परीक्षण अहवालाचं उत्तर एजंट एकट्याने लिहू शकत नाही. परीक्षक म्हणतो, डी-१ मध्ये हीच बाकदार सुई आहे. त्या सुईत आणि अशिलाच्या सुईत फरक काय हे अशिलालाच माहीत असतं. मी ईमेल करतो, आठवण करतो, फोन करतो, आणि पलीकडून ‘सध्या ऑर्डरची गडबड आहे, पुढच्या आठवड्यात बसू’ असं येतं. असे पुढचे आठवडे करत करत सहा महिने जातात. फी थकलेली असते ती वेगळीच. काही अर्जदारांना खरोखरच अर्ज पुढे न्यायचा नसतो, पण ते तसं लेखी देत नाहीत. मग मुदत गेल्यावर दोष कुणाचा?

म्हणूनच मला संहिता हवी आहे, आणि ती एजंटांसाठीही हवी आहे. मुदतीचं पत्र आलं की अमुक दिवसांत अशिलाला त्याच्या भाषेत लेखी कळवायचं, असा नियम असेल तर कळवलेल्याचा कागद माझंही रक्षण करतो. अशिलाने उत्तर दिलं नाही किंवा फी भरली नाही तर काम सोडायची रीत ठरवून द्यावी: आधी लेखी सूचना, पुढची तारीख स्पष्ट शब्दांत, मगच कार्यालयाला कळवून बाजूला होणं. न सांगता गप्प राहणं हे मात्र नि:संदिग्धपणे गैरवर्तन ठरावं. थकलेल्या फीसाठी फाइल अडवून ठेवायची की नाही यावर आमच्यात मतभेद आहेत. माझं मत असं की मुदत चालू असताना फाइल अडवणं म्हणजे अशिलाचा गळा धरणं आहे. फी वसूल करायला दिवाणी न्यायालय आहे, मुदत परत मिळवायला कुणीच नाही.

आणि शिक्षेला पायऱ्या हव्यात. पहिल्या चुकीला समज आणि अशिलाचा खर्च भरून द्यायची जबाबदारी, दुसऱ्यांदा काही महिने नवीन काम बंद, आणि ज्याने जाणूनबुजून फसवलं, उत्तर पाठवलंय म्हणून खोटं सांगितलं, त्याचं नाव नोंदवहीतून जावं. यासाठी कलम १३० ला हात लावावा लागेल, म्हणजे संसदेत जावं लागेल. नुसत्या संहितेने गैरवर्तनाची व्याख्या मिळेल, मधल्या शिक्षा मिळणार नाहीत. संहितेच्या चर्चेत ही अडचण मागे पडते, म्हणून मुद्दाम नोंदवून ठेवतो.

शिरोलीचे दादा

दिल्लीच्या प्रकरणाच्या आधीची गोष्ट. कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीतले एक वयस्कर कारखानदार माझ्याकडे आले. हातात प्लॅस्टिकची फाइल, आत अर्जाची पावती, अधिकारपत्राची झेरॉक्स आणि एजंटाला दिलेल्या चेकच्या नोंदी. त्यांनी बनवलेल्या एका यंत्राचा पेटंट अर्ज करून चार वर्षं झाली होती. “काय झालंय बघा की ओ साहेब, तो माणूस फोनच उचलत नाही.”

मी पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर अर्जाचा क्रमांक टाकला. बारा आकडी क्रमांकात पहिले चार आकडे वर्षाचे, पाचवा कार्यालयाचा. पाचवा आकडा २ म्हणजे मुंबई. पान उघडलं आणि खाली अर्जाच्या स्थितीच्या रांगेत तेच शब्द होते: कलम २१ खाली सोडून दिल्याचं मानलं. अहवाल कधी निघाला, कुणाला गेला, मुदत कधी संपली, सगळं त्याच पानावर, कुणालाही दिसेल असं, गेलं वर्षभर पडून होतं. मी स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. ते बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, “पण पैसे तर आमी येळेवर दिले की.”

रिट करायची म्हटलं तर पुरावा हवा. दादांनी सगळं फोनवर विचारलेलं, ईमेल एकही नाही, मेसेज नाही. कॉल केल्याची यादी जुन्या मोबाइलबरोबर गेलेली. युरोपीय संघाच्या निकालातली तिसरी अट, अर्जदाराची जागरूकता, आम्हाला दाखवता येत नव्हती. आणि जागरूक तर ते होते. दर महिन्याला फोन करत होते. कागदावर मात्र काहीच नव्हतं. वकिलांचं मत घेतलं, मुंबईच्या खर्चाचा अंदाज काढला, आणि दादांनीच नको म्हटलं. शिवणयंत्राच्या अर्जदाराकडे ईमेल होते आणि यांच्याकडे नव्हते, दोघांच्या प्रकरणांत एवढाच फरक होता.

एक लक्षात ठेवायला हवं की न्यायालयाने पूर्ववत केलेला अर्ज म्हणजे मंजूर पेटंट नव्हे. अर्ज जिथे थांबला होता तिथे परत येतो. उत्तर द्यायचं, सुनावणी करायची, डी-१ शी झुंजायचं, हे सगळं शिल्लकच असतं. शिवाय मधल्या काळात कुणी चांगल्या हेतूने ते यंत्र बनवायला घेतलं असेल तर त्याचं काय? बंद पडून पूर्ववत झालेल्या पेटंटाच्या बाबतीत अशा लोकांना कलम ६२ संरक्षण देतं. रिटमधून परत आलेल्या अर्जाला लागू होईल अशी तरतूद कायद्यात नाही.

दादांच्या मूळ यंत्राचं पुढे काही झालं नाही. पण त्या चार वर्षांत त्यांनी त्यात एक सुधारणा केली होती, पकड बसवायची रीतच बदलली होती. जुन्या अर्जात ती नव्हती आणि त्यांनी ती अजून कुणाला दाखवलीही नव्हती. त्या सुधारणेचा नवा अर्ज आम्ही केला. अर्जाच्या दिवशी मी त्यांना पुढच्या तारखांचा कागद मराठीत लिहून दिला आणि मुदतीचं प्रत्येक पत्र त्यांच्या मुलाच्या ईमेललाही येईल असं लेखी कबूल केलं. पुढच्या वेळी शिरोलीला गेलो तेव्हा लेथशेजारच्या भिंतीवर कालनिर्णय लटकत होतं. डिसेंबरच्या पानावर निळ्या पेनने लिहिलेलं होतं: ‘पेटंटच्या तारखा पुढच्या कॅलेंडरवर उतरवणे.’